झाड पहाडाचे, साल दलालाची

(नंदुरबार येथील जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेच्या बिलांवर झाले, जेवणानंतर कर्जाचा विषय आहे. मधल्या अर्ध्या तासात मला हिमालयातल्या एका झाडावर बोलायचे आहे. हा विषय मी आणला नाही. काल रात्री शहाद्याकडच्या चार-पाच जणांनी मला एक रंगीत कागद दाखवला. ‘कॅन्सरचे झाड’ असा मथळा. खाली तालीसपत्राचे नाव, चरकाचे नाव, अमेरिकेचे नाव. रोपामागे आगाऊ रक्कम भरायची, पाच वर्षांनी साल आणि पाला कंपनी बांधावरून उचलणार. या कागदातली सगळी नावे खरी आहेत. खोटे काय आहे ते शेवटी सांगतो, कारण आधी झाड समजल्याशिवाय ते कळणार नाही.

गढवाल-कुमाऊँत या झाडाला थुनेर म्हणतात. हिमाचलात रखाल, काश्मिरात पोस्तुल, काही भागांत बिरमी. शास्त्रीय नाव टॅक्सस वॉलिचियाना. पश्चिम हिमालयातले झाड वेगळ्या जातीचे आहे असे वनस्पतिशास्त्रज्ञ अलीकडे म्हणू लागले आहेत, पण पहाडातला माणूस आणि व्यापारी दोघेही दोन्हींना एकच समजतात, म्हणून मीही आज एकच धरतो. समुद्रसपाटीपासून साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवर, देवदार, बांज, फर अशा मोठ्या झाडांच्या सावलीत हे वाढते. आपल्याला तोरणमाळ थंड वाटते. तोरणमाळचे पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. आणि थुनेरला नुसती उंची पुरत नाही, थंडीही लागते.

झाड बारमाही हिरवे. पाने सुईसारखी पण चपटी, फांदीच्या दोन बाजूंना कंगव्याच्या दातांसारखी. पपईत असतात तशी नर आणि मादी झाडे वेगळी. मादीला लाल, गरदार, पेल्यासारखे फळ येते आणि त्यात एक बी बसलेले असते. ते बी पेरले की दीड-दोन वर्षे जमिनीत झोपून राहते. वाढ अतिशय संथ. आजोबाने पाहिलेले झाड नातू पाहतो तेव्हा ते वीतभर जाड झालेले असते. माझ्यासारख्या कृषी पदवीधराला पिकाचा हंगाम मोजायची सवय. इथे पिढ्या मोजाव्या लागतात. ही संथ वाढ लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिच्यात आहे.

मी हे झाड पहिल्यांदा २०१६ च्या मे महिन्यात पाहिले, मुनस्यारीच्या वरच्या अंगाला. तिथे भोटिया समाजाची वस्ती आहे. हे लोक एके काळी तिबेटशी मीठ, लोकर यांचा व्यापार करत. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार बंद पडला. ज्या घरी मी उतरलो होतो, तिथल्या आजीने संध्याकाळी चहा दिला. त्याला ते ‘ज्या’ म्हणतात. रंग तांबूस, चव खारट, वर लोण्याचा तवंग. चहाची पत्ती संपली म्हणून असे केले का, असे मी विचारले. आजी हसली. ही पत्ती नव्हतीच, थुनेरची साल होती. साल पाण्यात बराच वेळ उकळायची, मीठ आणि लोणी घालायचे, लाकडी नळकांड्यात घुसळायचे. थंडीत छाती मोकळी राहते, म्हणाली. साल कशी काढता, असे विचारल्यावर तिने अंगणाशेजारच्या झाडाशी नेले. बाहेरचे आपोआप सुटलेले पापुद्रे तेवढे हाताने ओढायचे, कोयता लावायचा नाही, आतल्या ओल्या सालीपर्यंत जायचे नाही. ते झाड तिच्या सासूच्या आधीपासून तिथे होते.

पहाडात या झाडाचे इतरही उपयोग आहेत. खोकला, दमा, छातीत कफ साठणे, उचकी, अपचन यांवर पाल्याचा किंवा सालीचा उपयोग हिमालयभर सांगतात. काही ठिकाणी साल वाटून डोकेदुखीवर लेप देतात. युनानी हकीम याला ‘जरनब’ नावाने ओळखतात. तांबड्या, चिवट, न कुजणाऱ्या लाकडाचे खांब घरांना लावतात.

आता आपल्या ओळखीच्या गोष्टीकडे येतो. तालीसादी चूर्ण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. लेकराला खोकला झाला की मधातून चाटवतो तेच. शार्ङ्गधर संहितेतले प्रमाण पाहा. तालीसपत्र १ भाग, मिरी २, सुंठ ३, पिंपळी ४, वंशलोचन ५, वेलची अर्धा, दालचिनी अर्धा आणि साखर ३२ भाग. बेरीज करा, ४८ होते. ज्याच्या नावाने चूर्ण ओळखले जाते ते तालीसपत्र त्यात ४८ भागांत एक, आणि दोन तृतीयांश साखर. ऊसवाल्यांनी खूश व्हायला हरकत नाही.

पण तालीसपत्र म्हणजे नेमके कोणते पान? इथे मोठा घोळ आहे. भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशाप्रमाणे ते अबीज वेबियाना, म्हणजे हिमालयातल्या फर वृक्षाचे पान. तोही बारमाही हिरवाच. प्रत्यक्षात बंगाल आणि उत्तरेकडच्या बाजारात थुनेरचा पालाही याच नावाने विकला गेला. पंजाबकडे उंचावरच्या एका झुडपी बुरांसाची पाने, दक्षिणेत एका काटेरी फळझाडाची पाने, तीही तालीसपत्रच. काष्ठौषधीच्या दुकानातल्या पोत्यात यातले काय आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. ओळख सांगून ठेवतो: फरच्या पानाचे टोक खाचलेले असते आणि पाठीवर दोन पांढरे पट्टे असतात, थुनेरच्या पानाचे टोक अणकुचीदार आणि पाठ फिकट हिरवी-पिवळी, पांढरे पट्टे नाहीत. दळून चूर्ण झाल्यावर मात्र कोणालाच डोळ्यांनी ओळखता येणार नाही.

हा घोळ केवळ विद्वानांच्या वादाचा असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. थुनेरच्या पानात आणि बियात टॅक्सिन नावाचे विष असते. ते थेट हृदयावर काम करते. घोडे, गुरे याचा पाला पोटभर खाऊन उभ्या उभ्या मेल्याची उदाहरणे जगभर आहेत. पाला वाळवला तरी विष जात नाही. फळाचा लाल गर तेवढा निर्धोक, आतले बी नाही. पहाडातल्या जुन्या वैद्याला याची मात्रा ठाऊक होती, कोणते पान आणि किती, हे तो पिढ्यांच्या अनुभवाने मोजून देत असे. तो अनुभव पुडीत बांधून मिळत नाही. म्हणून मायबहिणींना हात जोडून सांगतो, कोणी ‘थुनेरचा अस्सल पाला’ म्हणून पुडी दिली तर ती लेकराच्या तोंडात जाऊ देऊ नका आणि गोठ्याकडेही नेऊ नका.

आता कॅन्सरची गोष्ट. ती सुरू होते अमेरिकेत, पण तिच्यात तुमच्या नंदुरबारचा माणूस आहे. १९६२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून थुनेरच्या तिकडच्या भाऊबंदाची साल गोळा केली. कॅन्सरवर चालणाऱ्या वनस्पती शोधण्याची सरकारी मोहीम होती. ती साल उत्तर कॅरोलायनातल्या संशोधन संस्थेत मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे गेली. वाणी यांचा जन्म १९२५ साली इथे, नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले आणि २०२० मध्ये तिकडेच वारले. १९७१ साली या दोघांनी सालीतल्या द्रव्याची रचना जगापुढे मांडली. तेच टॅक्सॉल. १९७९ साली सुझन हॉरविट्झ यांनी ते कसे काम करते हे दाखवले. पेशीचे दोन भाग होताना आत बारीक नळ्यांचे मचाण उभे राहते आणि काम झाले की उतरते. टॅक्सॉल ते मचाण उतरूच देत नाही, पेशी अडकून मरते. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला परवानगी मिळाली. आज आपल्या जिल्ह्यातल्या किती तरी बाया हे औषध शिरेतून घेऊन उभ्या आहेत. ते खरे औषध आहे. पण ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. साल उकळून काढा प्याल्याने कॅन्सर जात नाही. मुनस्यारीच्या आजीनेही कधी तसा दावा केला नव्हता.

अडचण मालाची होती. एक किलो टॅक्सॉलसाठी सुमारे दहा टन साल लागे. साल पूर्ण सोलली की झाड मरते. अमेरिकेत हे झाड तोवर निरुपयोगी समजून लाकूडतोडे जाळून टाकत; एकदम ते सोन्याचे झाले. तिकडे आरडाओरडा झाला, १९९२ साली त्यांच्या संसदेने खास या झाडासाठी कायदा केला. त्याच काळात फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी पानांतून निघणाऱ्या एका द्रव्यापासून औषध बनवायची पद्धत बसवली. पाने छाटली तर पुन्हा येतात. कंपन्यांनी लागवडीची झुडपे लावली, आणि २००० नंतर तर टाकीत पेशी वाढवून औषध काढू लागले.

तिकडे तोड निघाली, पण तोवर भार हिमालयावर आला होता. औषधाची मागणी जगभर, आणि थुनेर आमच्याकडे फुकट उभा. हिमाचल, उत्तराखंड, अरुणाचल इथल्या रानांतून साल आणि पाला पोत्यांनी उतरला. सोलणारा गडी रोजाचा. तो झाड राखून पाला छाटत नसे, कारण उद्या तेच झाड त्याला मिळेल याची खात्री नव्हती. आज त्याने नाही सोलले तर रात्री दुसरा सोलणार. झाडाला दोरीएवढी साल शिल्लक ठेवावी असे त्याला का वाटावे? मी पाहिले तेव्हा वरच्या रानात सोललेले खोड उभे होते, करड्या हाडासारखे. मुनस्यारीच्या आजीचे झाड वाचले, कारण ते अंगणात होते.

मग सरकार जागे झाले. केंद्राने नव्वदच्या दशकात रानातल्या थुनेरच्या निर्यातीवर बंदी घातली. १९९४ मध्ये फोर्ट लॉडरडेलच्या बैठकीत भारताच्याच प्रस्तावावरून हे झाड वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले, १९९५ पासून ते लागू झाले. तरी आज ते धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे.

आपल्या संघटनेत अशा वेळी एक उत्तर तयार असते: बंदी उठवा, बाजार खुला करा. मीही ते शेकडो सभांत दिले आहे. कापसाला, कांद्याला ते बरोबरच आहे, कारण कापूस माझा आहे. मी पेरला, मी वेचला, भाव नाही पटला तर घरी ठेवीन. रानातला थुनेर कोणाचा? कागदोपत्री वनखात्याचा, प्रत्यक्षात ज्याच्या हातात कोयता त्याचा. तिथे बाजार खुला होता तेव्हाच तर झाड गेले. याचा अर्थ बंदी शहाणी होती असाही नाही. बंदीने ट्रक थोडे कमी झाले, चोरीचा भाव वाढला. आणि ज्याने स्वतःच्या शेतात थुनेर लावला त्याला माल परदेशी पाठवायचा तर लागवडीचा दाखला आणायची पाळी आली. बांधावरचा साग आपला आहे, पण तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवाना मागावा लागतो, हे तुम्ही जाणता. पहाडातल्या भावाची गत तीच, फक्त तो उंचावर राहतो.

मला यात दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटतात. एक, लागवड. अल्मोड्याजवळ कोसी-कटारमलच्या पर्यावरण संस्थेने फांदीच्या कलमांना मुळ्या फुटवण्याची पद्धत नव्वदच्या दशकातच बसवली. बियाची दोन वर्षांची झोप त्यामुळे वाचते. दुसरी, मालकी. उत्तराखंडात १९३१ पासून वनपंचायती आहेत. गावाने राखलेली राने आहेत. त्या पंचायतीच्या हाती पाला छाटण्याचा हक्क, विक्रीचा हक्क आणि चोर पकडण्याचा हक्क तिन्ही एकत्र असते तर सोललेली खोडे कमी दिसली असती, असे माझे मत आहे. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात आले. त्या गावाने बांबू विकला आणि बांबू संपलाही नाही.

आणि ज्ञानाचा वाटा? २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने एका औषधकंपनीच्या खटल्यात सांगितले की देशी कंपन्यांनीही वनस्पती राखणाऱ्या लोकांना लाभाचा हिस्सा द्यावा. २०२३ मध्ये जैवविविधता कायदा बदलला आणि ग्रंथात लिहिलेल्या परंपरागत ज्ञानाला त्यातून सूट मिळाली. म्हणजे तालीसादी चूर्ण विकणारा शार्ङ्गधराकडे बोट दाखवून मोकळा. पाला कोणाच्या डोंगरातून आला हे विचारायचे कारण उरले नाही.

तुम्ही म्हणाल, हिमालयाचे आम्हाला काय? सह्याद्रीतली नरक्या आठवा. वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे दुसरे कॅन्सरविरोधी द्रव्य काढले. १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यात सापडले. त्यानंतर कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या रानांतून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. नंदुरबारच्या सुपुत्राने लावलेल्या दोन शोधांचा भार पडला तो पहाडावर आणि सह्याद्रीवर. दोष त्यांचा नाही. त्यांनी औषध शोधले; झाडाचा मालक कोण हे ठरवणे आपले काम होते.

आता तो रंगीत कागद. मी २००३ साली नुकतीच पदवी घेऊन घरी आलो होतो. सफेद मुसळीची लाट होती. वडील नको म्हणत असताना मी त्यांना अर्धा एकर मुसळी लावायला लावली. बियाण्याचे कंद ज्याच्याकडून घेतले तोच माल परत घेणार, असा करार होता. काढणीच्या वेळी त्याचे कार्यालय बंद होते. मुसळी सोलून, वाळवून आम्ही घरात ठेवली, शेवटी मिळेल त्या भावाला दिली. पुढे मी हिशेब काढला तेव्हा कळले, त्या लाटेत ज्यांनी पैसा केला त्यांनी मुसळी विकून नव्हे, बियाणे विकून केला. वडिलांनी मला कधी बोलून दाखवले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

थुनेरचे रोप शहाद्याच्या उन्हात पहिला उन्हाळा काढणार नाही, आणि काढला तरी पाच वर्षांत त्याला विकण्याजोगी साल येत नाही. पण तो प्रश्नच नाही. काल रात्री एका भावाने कुंडीतले रोप आणून दाखवले. ते थुनेर नव्हते. फांद्या पंख्यासारख्या उभ्या, पाने खवल्यांसारखी. ती मोरपंखी आहे, शहरात बंगल्यांच्या फाटकापाशी लावतात ती. कोणत्याही रोपवाटिकेत मिळते, किंमत तुम्हीच विचारून या.

ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत त्यांनी पावती, तो कागद आणि एक रोप जपून ठेवावे. रोप उपटून फेकू नका, तोच पुरावा आहे. ज्यांनी फक्त नाव नोंदवले आहे त्यांनी पैसे भरू नयेत. जेवण झाल्यावर मी मंडपाच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी बसतो आहे. सगळ्या पावत्या एकत्र करून एकच तक्रार लिहू. आतापर्यंत अकरा जणांची नावे आली आहेत. आणखी कोणी असेल तर लाजू नका, मीही एकदा अर्धा एकर भरला आहे.